घोडेस्वारीनंतर डावी मांडी सोलवटते, बैठकीची हाडं दुखतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझं वय ४१. दोन महिन्यांपासून घोडेस्वारी शिकते आहे. आठवड्यातून दोनदा, दर वेळी ४५ मिनिटं. शाळेत असल्यापासूनची इच्छा होती, ती आत्ता कुठे पुरी होते आहे. दुखण्यापायी हे सोडायची वेळ येऊ नये असं फार वाटतं. जरा सविस्तर लिहिते, कारण नेमकं कुठे दुखतं ते सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही.

सुरुवातीला मांड्यांच्या आतले स्नायू भरून यायचे. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. ते आता बरंच कमी झालंय.

खरा त्रास कातडीचा आहे. डाव्या मांडीला आतल्या बाजूने, गुडघ्याच्या किंचित वर, अंगठ्याच्या नखाएवढी जागा सोलवटते. खपली धरते न धरते तोच पुढच्या स्वारीचा दिवस येतो आणि ती निघते. अंघोळीचं पाणी लागलं की जीव कळवळतो. उजव्या पायाला मात्र यातलं काहीच नाही, आणि हेच मला कळत नाही.

शिवाय बैठकीचं दुखणं. साध्या चालीत काही होत नाही. दुडकी, म्हणजे घोड्याची उसळती, जरा वेगाची चाल, सुरू झाली की पाच-सात मिनिटांत बैठकीची हाडं आणि माकडहाड ठणकायला लागतं. घरी आल्यावर कडक खुर्चीत बसवत नाही.

करून पाहिलेले उपाय: पहिल्या दिवशी जीन्स घालून गेले, आतली शिवण मांडीत रुतली. मग सुती लेगिंग. मग एकावर एक दोन लेगिंग, तर आतलीला सुरकुत्या पडून आणखीच काचलं. पेट्रोलियम जेली लावते, ती पहिली १५ मिनिटं पुरते. खोगिरावर टॉवेलची घडी टाकू का असं विचारलं, तर शिकवणारे सर नाही म्हणाले, टॉवेल सरकला की स्वारही सरकतो. ते पटलं. पण बाकी सगळ्यावर त्यांचं एकच उत्तर असतं, "सवय होईल, कातडी निबर होईल." दोन महिन्यांत निबर तर झाली नाही, जखम मात्र दर आठवड्याला नवी होते.

अजून एक गोष्ट सांगायची आहे. दुडकीत मी धपकन खोगिरात आदळले की घोडी कान मागे पाडते. साध्या चालीत तिचे कान पुढे असतात. माझ्या बसण्याचा तिलाही त्रास होत असेल तर ते मला माझ्या मांडीपेक्षा जास्त लागतं.

हे सगळं नवशिक्यांना होतंच का? कपडे बदलून भागेल की खोगिरातच काही चुकतंय? सायकलवाल्यांची पॅड लावलेली पँट चालेल का? अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, आधी जखम भरू द्या. उघड्या जखमेवर स्वारी करू नका, अगदी दोन खाडे झाले तरी चालतील. कोमट पाण्याने धुऊन, न चोळता टिपून कोरडी करा आणि न चिकटणारी पट्टी लावा. आजूबाजूची लाली पसरत गेली, पू दिसला किंवा ताप आला तर सरळ डॉक्टरांकडे जा.

कपड्यांचं सांगते, कारण मी यात बरीच वर्षं चाचपडले. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं. ओली कातडी कोरडीपेक्षा लवकर सोलते. त्यामुळे घाम बाहेर टाकणारं, ताणलं जाणारं, अंगासरशी बसणारं कापड घ्या. स्वारीसाठीच्या ब्रीचेस किंवा जोधपुरी मिळाल्या तर उत्तमच. त्यांच्यात मांडीच्या आत जाड शिवण नसते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला पकड देणारा तुकडा असतो. आतले कपडेही बिनशिवणीचे हवेत. इलॅस्टिकची कड जांघेत येत असेल तर तिथेच काचणार, म्हणून मांडीपर्यंत येणारी लांब चड्डी बरी पडते. दोन थर एकमेकांवर घासतात, म्हणून एकच थर ठेवा. पावडर मात्र लावू नका, घामात तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच टोचतात.

सायकलच्या पँटबद्दल: सायकलची सीट वेगळी, खोगीर वेगळं. त्या पॅडची जाडी नेमकी जिथे तुम्हाला घोड्याची हालचाल जाणवायला हवी तिथे येते. काहींना चालते, मला नाही चालली. स्वारीसाठी पातळ पॅडची चड्डी वेगळी मिळते, ती बघा.

प्रतिसाद

वरच्या ताईंचं सगळं बरोबर. पण एकाच पायाला जखम होते याचं उत्तर कपड्यांत सापडणार नाही. कपडे दोन्ही पायांना सारखेच असतात.

मला सांगा, तुम्ही जमिनीवरूनच रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, पाय घालून चढता ना? आणि तेही कायम डावीकडून? तुमच्यासारखे सगळेच शिकाऊ त्याच खोगिरावर तसेच चढतात. प्रत्येक वेळी अख्ख्या माणसाचं वजन डाव्या रिकिबीच्या पट्ट्यावर येतं. चामडं ताणतं. वर्षभरात डावा पट्टा उजव्यापेक्षा लांब होतो, आणि भोकं मोजून बघितलं तर दोन्ही पट्टे "सहाव्या भोकावर" म्हणून सारखेच भासतात. त्यामुळे भोकं मोजू नका. पुढच्या वेळी दोन्ही पट्टे खोगिरातून सोडवा, शेजारी शेजारी एका खुंटीला अडकवा आणि रिकिबी कुठे लोंबतात ते बघा.

डावी रिकीब लांब पडली की पाय तिला शोधत खाली जातो. चवडा ताणला जातो, टाच वर येते, आणि पडू नये म्हणून डावा गुडघा खोगिराला चिमटा काढल्यासारखा धरतो. मग दुडकीच्या प्रत्येक हिसक्याला तीच एक जागा घासते. पट्ट्याचं बक्कलही बघा. ते वर ओढून खोगिराच्या लहान झापेखाली गेलेलं असलं पाहिजे. खाली घसरलेलं बक्कल गुडघ्याच्या वरच येतं, बरोबर तुम्ही सांगता त्या ठिकाणी.

रिकिबीची लांबी ठरवायची जुनी रीत: बोटांची टोकं पट्टा जिथे खोगिराला अडकवलाय तिथे टेकवा आणि हात सरळ ठेवून रिकीब काखेपर्यंत येते का बघा. हा अंदाज झाला. मग वर बसून पाय रिकिबीतून काढून सैल सोडा. रिकिबीची तळपट्टी घोट्याच्या हाडाशी लागली तर शिकाऊ माणसासाठी ठीक.

आता बैठक. तुम्ही हे मनाला लावून घेताय म्हणून स्पष्ट लिहितो. माकडहाड दुखतंय म्हणजे तुम्ही मागे कलून, कंबर गोल करून, खुर्चीत बसल्यासारखं बसताय आणि पाय पुढे जाताहेत. पुढच्या बाजूला, जांघेच्या हाडाला दुखलं असतं तर उलट, कंबर फार आत वाकवताय असं म्हटलं असतं. बाजूने पाहिलं तर कान, खांदा, कंबरेचा सांधा आणि टाच एका उभ्या रेषेत यायला हवी. ग्रीक सेनानी झेनोफन यानेही सुमारे २४०० वर्षांपूर्वी हेच लिहून ठेवलं आहे, की स्वाराने खुर्चीत बसल्यासारखं बसू नये, पाय फाकवून उभं राहिल्यासारखं असावं. तेव्हा रिकीबही नव्हती आणि आजच्यासारखं खोगीरही नव्हतं. सगळी भिस्त मांडीवर. आपल्याकडेही "मांड पक्की" म्हणतात ती हीच. नवीन माणूस मात्र मांड पक्की म्हणजे गुडघे आवळणं असं समजतो. गुडघे जितके आवळाल तितके तुम्ही खोगिरातून वर फेकल्या जाल. मांडी लांब, सैल, अंगासरशी राहिली पाहिजे, आणि वजन टाचेतून खाली गेलं पाहिजे.

दुडकी दोन ठेक्यांची असते. तिरपे पाय जोडीने पडतात, मधे घोडा क्षणभर अधांतरी. म्हणून ती इतकी आदळते. उठत-बसत दुडकी शिकवली असेल तर पाय रोवून वर उठू नका. घोडाच तुम्हाला वर टाकतो, तुम्ही फक्त कंबर पुढे जाऊ द्या आणि मऊ खाली या. खाली येताना जोर सोडून दिला की धपकन आवाज येतो, आणि घोडी कान मागे पाडते ते त्याचमुळे असावं. खोगीर तिच्या पाठीला नीट बसतं का, पाठीवर घामाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा उमटतो का, हेही घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांना विचारा.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वारी थोडीफार करते. कडक खुर्चीवर दोन्ही तळहात बुडाखाली घेऊन बसा. दोन टणक हाडं हाताला लागतील, तीच बैठकीची हाडं. कंबर पुढे-मागे झुकवून बघा, हाडं हातावरून सरकताना कळतात. दोन्ही हातांवर सारखा दाब येईल आणि हाडं सरळ खाली टोचतील ती मधली जागा ओळखून ठेवा. खोगिरात हीच शोधायची.

स्वारी नसेल त्या दिवशी बद्धकोणासन, आणि एक गुडघा जमिनीवर टेकून मांडीच्या पुढच्या भागाचा ताण, दोन्ही ३०-३० सेकंद. दिवसभर खुर्चीवर काम करणाऱ्यांचा कंबरेचा पुढचा स्नायू आखडलेला असतो. तो मोकळा झाल्याशिवाय पाय खाली लांब होत नाही आणि माणूस खुर्चीसारखाच बसतो. स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढून मग उतरतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. जांघेत किंवा बैठकीत बधिरपणा आला आणि उतरल्यावरही गेला नाही, तर मात्र अंगावर काढू नका. माकडहाडाचं दुखणं स्वारी थांबवूनही दोन-तीन आठवडे राहिलं तरी दाखवून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. जखमेवर पट्टी लावली, पुढचे दोन वर्ग सोडले, पण पागेत गेलेच. मोतद्दार काकांना पट्टे सोडवायला सांगितलं. त्यांनी दोन्ही एका खुंटीला लटकवले, खालून रिकिबी धरून स्थिर केल्या. डावी रिकीब उजवीपेक्षा दोन बोटं खाली! भोक दोन्हीकडे सहावंच. पट्टा हातात घेऊन बघितला तर डाव्याची भोकं लांबट झालेली, उजव्याची गोल. काका म्हणाले, "दर महिन्याला अदलाबदल करायला हवी होती, राहून गेलं." त्यांनी तिथेच पट्टे उलटसुलट केले, आणि आता लांब झालेल्याला वर एक भोक पाडून दिलं. बक्कलही वर सरकवलं.

चढायला आता लाकडी चौरंग ठेवतात. सरांनाही दाखवलं. ते दोन मिनिटं पट्टे बघत उभे राहिले आणि म्हणाले, बाकीची खोगिरंही तपासू.

प्रतिसाद

माझा प्रश्न यालाच जोडून विचारतो. मी पुरुष आहे, वजन जास्त आहे, मला कातडीचा त्रास नाही पण खोगीर मधे फार रुंद वाटतं. तासाभराने कंबरेचे सांधे ओढले जातात. मेंढीच्या कातड्याचं आच्छादन घेऊ का?

प्रतिसाद

दादा, आच्छादनाने खोगीर आणखी रुंद होईल. ते कडक बैठकीसाठी चांगलं असतं, रुंदीसाठी नाही. मधला भाग कमी रुंदीचा असेल अशा दुसऱ्या खोगिरावर एकदा बसून बघा. मापही बघा. बसल्यावर तुमच्या मागे खोगिराच्या काठापर्यंत साधारण चार बोटं जागा उरायला हवी. लहान खोगिरात माणूस पुढे ढकलला जातो आणि पुढच्या उंचवट्यावर चेमटतो. दर १५-२० मिनिटांनी थोडं चालीवर या, दोन्ही पाय रिकिबीतून काढून लोंबू द्या.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. जखम भरली, परत झाली नाही. तिथली कातडी अजून जरा काळसर आहे, पण दुखत नाही. एकच घाम बाहेर टाकणारी पँट, खाली बिनशिवणीची लांब चड्डी. जेली आता फक्त लांब फेरीच्या दिवशी लावते.

बैठकीचं अर्धं बरं आहे. सरांनी दोन वर्ग मला लांब दोरावर घोडी फिरवत रिकिबीशिवाय बसवलं, फक्त चालीवर, नंतर थोडी दुडकी. पहिल्यांदा कळलं की गुडघा सोडला तरी मी पडत नाही. दुडकीत पहिली दोन चक्करं आता नीट जातात, घोडीचे कानही पुढे असतात. तिसऱ्या चक्कराला थकते, कंबर गोल होते, आणि माकडहाडाला कळतं. तेव्हा काय करावं? जोर लावून पुरं करावं का?

प्रतिसाद

नाही ताई. दोन चक्करं नीट होतात ना, मग दोनच करा आणि चालीवर या. श्वास खाली बसला, कंबर परत सरळ झाली की पुन्हा दोन. थकलेल्या अंगाने केलेलं तिसरं चक्कर तुमच्या अंगाला चुकीचं बसणं शिकवतं आणि घोडीच्या पाठीला मार देतं. हे सरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे मधेच चालीवर यायला संकोच वाटणार नाही.