हळदीचा कागद
सगळं घर तापाने आडवं असताना मुलांना मोबाइलशिवाय कसं रमवायचं, असा प्रश्न पडतो. भेंडीचे ठसे सगळेच सुचवतात, मला ते कंटाळवाणे वाटतात. आमच्याकडे हळदीचा कागद चालला. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदावर फासायची आणि पंख्याखाली वाळवायची. मग काडीला कापूस गुंडाळून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायची. चित्र काढलं की रेघ लालसर उमटते. हळद-चुन्याचं कुंकू करतात ना, तीच गंमत! त्यावर लिंबू फिरवलं की पुन्हा पिवळं. (लिंबं आजारपणात घरात असतातच.) धाकटीने मिशावाला थर्मामीटर काढला. अंथरुणावर मात्र जुनी चादर घाला, हळदीचे डाग जाता जात नाहीत. आणि ताप चढलेला असेल तर यातलं काही नको, झोपू द्या.