मदत हवी आहे: आईची गोधडी अर्धवट राहिली आहे

नमस्कार मंडळी. बाबा गेल्यापासून आई फार गप्प झाली होती. जेवण अर्धं, झोप नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, पण खरा फरक दिसला तो तिने गोधडी शिवायला घेतल्यावर. आत जुनी नऊवारी, वर बाबांच्या सदऱ्यांचे तुकडे, कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. टाके घालताना ती आपणहून बाबांबद्दल बोलायची, मधेच रडायची आणि त्या रात्री शांत झोपायची. कलेचा मनाला आधार होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात ३००० हून जास्त अभ्यासांवरून मांडलंय. मी ते घरातच पाहिलं.

आता तिचा अंगठा दुखतो, थरांतून सुई ओढवत नाही. महिनाभर गोधडी घडी करून ठेवलीय आणि ती पुन्हा नुसती खिडकीपाशी बसते. मशीनवर शिवून आणू का विचारलं, तर म्हणाली, "नको, हाताचाच टाका हवा."

कुणाच्या घरी असं झालंय का? सुई ओढायला काही सोपी युक्ती आहे का? मी शेजारी बसून निम्मे टाके घातले तर तिला ते आपलं वाटेल का? की तोवर रांगोळीसारखं हलकं काही सुचवू? कसं विचारू, तेही सांगा.