काकूला कुणी अडवत नाही, तरी ती हळदीला मागं का सरते?

कसबा_बावडेकर:
चुलत बहिणीचं लग्न ठरलंय. काका कोरोनात गेले, त्यानंतर काकूनं ब्लाऊज शिवून शिवून पोरीचं कॉलेज पुरं केलं. आता घरात तिला कुणी म्हणजे कुणीच, आज्जीसुद्धा, हळद लावू नको म्हणालेली नाही. पण काकू आपणहून म्हणती की मी आत जेवणाचं बघते, हळद आणि ओटी जावा करतील. शाहू महाराजांनी १९१७ ला विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, शंभर वर्षं उलटून गेली, आणि अजून आपल्याच पोरीच्या हळदीला आई दारामागं? कुणी सांगत नसताना माणूस स्वतःच असं का वागतो?

शिरोळकर:
हेरवाड आमच्याच तालुक्यात. मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. मला वाटतं ठरावाचा मोठा उपयोग हा, की ज्यांना मनातून हे नकोच होतं त्यांना बोलायला आधार मिळाला. नाहीतर प्रत्येकाला वाटतं माझं काय नाही, पण भावकी काय म्हणेल, आणि भावकीतलाही प्रत्येकजण तेच म्हणत बसतो.

राजारामपुरीची_ताई:
मी स्वतः यातनं गेलेय म्हणून सांगते. भीती लोकांच्या बोलण्याची कमी असते दादा. उद्या पोरीच्या संसारात काय झालं, साधं पहिलं बाळंतपण अवघड गेलं तरी माझ्याच मनात येणार की मी हळदीला हात लावलेला. लहानपणापासनं आई, मावशी, आत्या सगळ्यांना बाजूला बसलेलं बघितलंय, ते अंगात मुरलंय, शिकून पण जात नाही लवकर. म्हणून काकूला समजावत बसू नका, तिला धाडस कर म्हणणं म्हणजे सगळं ओझं परत तिच्यावरच. आज्जीनं सगळ्यांसमोर हाताला धरून पाटापाशी आणलं पाहिजे.

मंगळवार_पेठ:
ताईंचं पटलं. फक्त रीतभात म्हणजे सगळी वाईट असं पोरांनी धरू नये एवढंच. २०१९ च्या महापुरात ओळख ना पाळख अशी माणसं लोकांनी घरात घेतली, कुणी जात विचारत बसलं नाही, ते पण आपल्याला घरातल्यांनीच शिकवलेलं. आणि ज्याला मान आहे त्यानं आधी करावं लागतं. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल घातलं तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं चहा प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावला. नुसता हुकूम काढला असता तर लोकांनी मान डोलावली असती आणि चहा दुसरीकडं घेतला असता.

कसबा_बावडेकर:
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही सगळे काकूच्याच मागं लागलेलो. रविवारी आज्जीशी बोलतो. मुलाकडच्यांचं काय करावं, त्यांच्यात जुनी माणसं बरीच आहेत.

राजारामपुरीची_ताई:
याद्या व्हायच्या बैठकीतच सांगून टाका, पहिली हळद मुलीची आई लावणार म्हणून. तेही आज्जीच्याच तोंडून जाऊ दे. ऐनवेळी मांडवात कुजबूज झाली तर काकू लगेच मागं जाईल, आणि मग परत कधी पुढं येणार नाही.