डीसीआर१ जीन पेशीला मरू देत नाही म्हणतात, मग तो कॅन्सरच्या बाजूचा का आपल्या? सेमिनारसाठी मदत पाहिजे

परभणीकर_बायोटेक
नमस्कार मंडळी, मी परभणीला एमएस्सी बायोटेक करायलोय. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे अन् विषय घेतलाय टीएनएफआरएसएफ१०सी हा जीन, म्हणजे डीसीआर१, डिकॉय रिसेप्टर (खऱ्या रिसेप्टरसारखा दिसणारा पण फसवा). बेसिक कळलंय. ट्रेल नावाचं प्रोटीन पेशीच्या वरच्या डीआर४ नाहीतर डीआर५ या डेथ रिसेप्टरला चिकटलं की आतल्या डेथ डोमेनवर एफएडीडी हे जोडणारं प्रोटीन येऊन बसतं, त्याच्यावर कॅस्पेस-८, मग कॅस्पेस-३ (हे कापणारे एन्झाइम) अन् पेशी स्वतःला संपवते. डीसीआर१ ला आतली बाजूच नाही, नुसता बाहेरचा भाग, जीपीआय अँकरनं (चरबीच्या खुंटीनं) मेंब्रेनला धरून ठेवलेला, म्हणून ट्रेल चिकटलं तरी आत काही निरोप जात नाही. इथपर्यंत ठीक.

पण पुढचं जुळंना. एका रिव्ह्यूत लिहिलंय की हा नॉर्मल पेशीत जास्त अन् कॅन्सरमध्ये कमी, म्हणून ट्रेल फक्त कॅन्सरला मारतं. दुसरीकडं लिहिलंय कॅन्सर पेशी डिकॉय वाढवून वाचतात. तिसऱ्या पेपरात तर ट्यूमरमध्ये प्रोमोटर मिथायलेशननं (जीनच्या सुरुवातीला रासायनिक खूण बसून) हा जीनच बंद. सर म्हणाले "कॅन्सर हा जीन वापरून सुटतो" असं कन्क्लूजन टाक, पण तिसरा पेपर वाचल्यापासून ते लिहायला मन होईना. यावर कुणी काम केलेलं असंल तर सांगा, सोप्या भाषेत सांगितलं तर लई बरं होईल कारण सेमिनारला बीएस्सीची पोरंबी बसणारेत.

गोदाकाठ
भाऊ, मी गंगाखेडचा, सध्या पुण्यात पीएचडी करतोय, विषय कॅन्सरमधलं अपोप्टोसिस, म्हणजे पेशीनं स्वतःला संपवणं. मन होईना म्हणतोस ते बरोबर आहे, ते कन्क्लूजन टाकू नको.

पोरांना सांगायचं असेल तर निवडणुकीतला डमी उमेदवार सांग. खऱ्या उमेदवाराच्याच नावाचा दुसरा माणूस उभा करतात, मतं त्याला पडतात, तो निवडून येत नाही पण खऱ्याची मतं खातो. ट्रेल म्हणजे मत, डीआर४ डीआर५ म्हणजे खरे उमेदवार. आता यात मुद्दा मतांच्या संख्येचा आहे. ट्रेल थोडं असेल तरच डमीनं फरक पडतो, ट्रेलचा पूर आला तर डमी भरून वाहतो अन् खऱ्यालाही पुरेसं मिळतं. १९९७ ला हा जीन सापडला तेव्हाचे जे प्रयोग पुस्तकात येतात त्यात डिकॉय पेशीत बाहेरून घालून भरमसाठ बनवलेला होता. त्यामुळं त्यातून डीसीआर१ "वाचवू शकतो" एवढं सिद्ध होतं, एखाद्या पेशंटच्या गाठीत तो नेहमीच्या प्रमाणात असताना "वाचवतो" हे त्यातून सिद्ध होत नाही. हा फरक तुझ्या सेमिनारचा कणा कर.

तुझे तिन्ही पेपर एकाच वेळी खरे असू शकतात. सुरुवातीला लोकांनी आरएनए मोजला, नॉर्मल टिश्यूत डिकॉय दिसला अन् बऱ्याच कॅन्सर सेल लाइनमध्ये (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींत) दिसला नाही, म्हणून "नॉर्मल पेशी डिकॉयमुळं वाचते" ही सुंदर गोष्ट तयार झाली. पण नंतर पृष्ठभागावरचं प्रोटीन मोजायला लागले तर डिकॉय किती आहे अन् पेशी ट्रेलला दाद देते का नाही, याचा हिशेब कित्येक ठिकाणी जुळला नाही. डिकॉय नसलेल्या पेशीपण मजेत जगत होत्या. कारण अडवणूक आत असते. सी-फ्लिप नावाचं प्रोटीन कॅस्पेस-८ च्या जागी जाऊन बसतं, एक्सआयएपी पुढं कॅस्पेस-३ ला धरून ठेवतं, काही ट्यूमरमध्ये कॅस्पेस-८ चा जीनच बंद असतो. न्यूरोब्लास्टोमात (लहान मुलांमधला नसांच्या पेशींचा कॅन्सर) तर कॅस्पेस-८ पण मिथायलेशननं बंद सापडतं अन् डीसीआर१ पण. ज्या गाठीत मारणारी यंत्रणाच बंद आहे तिला डमीची गरज काय राहिली, तूच सांग.

अजून एक, मला स्वतःला हा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. मापाटुमुमॅब हे डीआर४ वरचं अन् कोनाटुमुमॅब, लेक्साटुमुमॅब ही डीआर५ वरची अँटीबॉडी. ही डिकॉयला चिकटतच नाहीत, थेट खऱ्या रिसेप्टरला धरतात. डिकॉय हाच मुख्य अडथळा असता तर ही औषधं ट्रेलपेक्षा कितीतरी भारी निघायला पाहिजे होती. पेशंटवरच्या ट्रायलमध्ये तसं झालं नाही, डुलानरमिन म्हणजे रिकॉम्बिनंट (लॅबमध्ये बनवलेल्या) ट्रेलनं पण निराशाच केली (ते रक्तात टिकतच नाही फार वेळ, ही अडचण वेगळी). पार अंधार आहे असंही नाही, ट्रेलचाच बदललेला प्रकार, अ‍ॅपोनरमिन, २०२३ ला चीनमध्ये मल्टिपल मायलोमासाठी (रक्ताचा एक कॅन्सर) मंजूर झालाय, दुसऱ्या औषधांसोबत द्यायला.

नीट_बायो_लातूर
गोदाकाठ यांनी छान सांगितलं, माझी एकच भर. मी लातूरला अकरावी बारावीच्या पोरांना बायो शिकवतो अन् पोरं नेहमी विचारतात की सर शरीरानं असला जीन ठेवलाच कशाला. उत्तर असं की ट्रेल हे आपलंच शस्त्र आहे, एनके पेशी अन् टी पेशी या रोगाशी लढणाऱ्या पेशी ते वापरतात, इन्फेक्शन झालं की शेजारच्या चांगल्या पेशींवर पण ते येऊन पडणार, तेव्हा थोडी ढाल लागतेच. डीआर४, डीआर५, डीसीआर१ अन् डीसीआर२ (दुसरा डिकॉय) हे चारही जीन क्रोमोसोम ८ च्या शॉर्ट आर्मवर ८पी२१ ला एकमेकाला खेटून बसलेत, म्हणजे एकाच जुन्या जीनच्या कॉप्या होत होत एकाची आतली बाजू गळाली अन् एकाची अर्धी राहिली असं समजायला हरकत नाही. हा नकाशा पहिल्याच स्लाइडला टाक, पोरांच्या लगेच डोक्यात शिरतं. अन् उंदरात हे असंच्या असं नाही बरं का, उंदराला ट्रेलचा मारणारा रिसेप्टर एकच अन् त्याचे डिकॉय वेगळे, त्यामुळं उंदराच्या पेपरातली आकृती माणसाची म्हणून चिकटवू नको.

परभणीकर_बायोटेक
धन्यवाद सर, धन्यवाद दादा. डमी उमेदवार घेतोच. एक शंका राहिली, डीसीआर२ ला आत अर्धवट डेथ डोमेन आहे, मग तो पण नुसता मतं खातो का अजून काही करतो? अन् प्रोटीन मोजायचं म्हणजे वेस्टर्न ब्लॉट चालंल का?

गोदाकाठ
चांगला प्रश्न. २००६ च्या एका कामात दोघांची पद्धत वेगळी दिसली. डीसीआर१ मेंब्रेनच्या लिपिड राफ्टमध्ये (मेंब्रेनमधले चरबीचे घट्ट पट्टे) बसून ट्रेल तिथंच अडकवतो, म्हणजे डिस्क (ते डेथ कॉम्प्लेक्स) जुळूच देत नाही. डीसीआर२ मात्र ट्रेलच्या साथीनं डीआर५ च्या कॉम्प्लेक्समध्येच घुसतो अन् आत बसून कॅस्पेस-८ चालू होऊ देत नाही. म्हणून "डिकॉय म्हणजे फक्त स्पंज" हे वाक्य डीसीआर२ ला लागू पडत नाही, दोघांना एका बॉक्समध्ये टाकू नको.

वेस्टर्न नको. वेस्टर्नला पेशी फोडून सगळं एकत्र येतं, रिसेप्टर पेशीच्या आत साठलेला आहे का वर आहे कळत नाही, अन् ट्रेल बाहेरून येतं त्यामुळं कामाचं फक्त वरचं. फ्लो सायटोमेट्री पाहिजे (एकेका पेशीवर चिकटलेली चमकणारी अँटीबॉडी मोजायची पद्धत). जिवंत पेशी बर्फावर ठेवायच्या, नाहीतर रिसेप्टर आत ओढले जातात, मग चार ट्यूबमध्ये चार रिसेप्टरच्या वेगवेगळ्या अँटीबॉडी, पाचवीत आयसोटाइप कंट्रोल (यातल्या कुठल्याच रिसेप्टरला न धरणारी, तुलनेसाठीची अँटीबॉडी). पेशी प्लेटवरून काढताना ट्रिप्सिन जपून वापरायचं, ते पृष्ठभागावरची प्रोटीनं खातं अन् मग रिसेप्टर नाहीच असं वाटायला लागतं, साधं ईडीटीए बरं. डीसीआर१ साठी अजून एक सोय आहे, पीआय-पीएलसी एन्झाइम टाकलं की जीपीआय अँकर कापला जातो अन् तो पेशीवरून निघून जातो. कापायच्या आधी अन् नंतर त्याच पेशींवर ट्रेल टाकून बघायचं. कापल्यावर मरायला लागल्या तर डिकॉयचा हात होता, तशाच जगल्या तर अडथळा आत शोध. (हे एन्झाइम दुसरी जीपीआय प्रोटीनं पण कापतं, म्हणून या एकट्यावर भिस्त नको.) करून बघणं जमणार नसलं तरी सेमिनारमध्ये हे डिझाइन मांड, परीक्षक खूश होतील.

उदगीरची_लेक
मी सायन्सची नाही, माफ करा मध्येच विचारते. माझ्या मामांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, तपासणीच्या रिपोर्टात ८पी चा भाग गळालाय असं लिहिलंय, वर तुम्ही तोच नंबर लिहिलाय. म्हणजे हा वाचवणारा जीन गेला तर ट्यूमर लवकर मरेल का? घरात सगळे धरून बसलेत की ही चांगली बातमी आहे.

पॅथॉलॉजी_नांदेड
ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नांदेडला. घरच्यांना समजावून सांगा की यावरून चांगली का वाईट असा निकाल काढू नका. ८पी चा भाग गळणं प्रोस्टेट कॅन्सरमध्ये नेहमी दिसतं अन् तो भाग मोठा असतो. त्यात ढाल असणारे डिकॉय जातात तसे मारणारे डीआर४ डीआर५ पण त्याच पट्ट्यात आहेत, अन् एनकेएक्स३-१ नावाचा प्रोस्टेटला आवर घालणारा जीन पण तिथंच आहे. एकाच वेळी इतकं गेल्यावर एका डिकॉयवरून हिशेब लागत नाही. शिवाय बहुतेक वेळा दोनपैकी एकच कॉपी गेलेली असते. पेशंटच्या उपचाराचा निर्णय ग्लीसन ग्रेड (गाठ किती आक्रमक दिसते ते), पीएसए ही रक्ततपासणी, स्कॅन अन् हाडापर्यंत पसरलाय का यावर होतो. डीसीआर१ बघून औषध ठरवायची पद्धत आज कुठंच नाही. मूळ ब्लॉक (मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा) अन् स्लाइड हॉस्पिटलमधून मागून स्वतःजवळ जपून ठेवा, दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच लागतात, नुसत्या रिपोर्टाच्या झेरॉक्सवर काही होत नाही.

अन् परभणीकर, तुझ्या सरांना भीड न ठेवता सांग. "काही परिस्थितीत डिकॉय वाचवू शकतो, पण ट्रेलला न जुमानणाऱ्या बहुतेक गाठींमध्ये अडथळा आत सापडतो" एवढं लिहिलंस तरी पुरे. त्यांनी पुरावा मागितला तर ती अँटीबॉडीची गोष्ट पुढं कर.

उदगीरची_लेक
डॉक्टर साहेब लई उपकार झाले. ब्लॉकचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, उद्याच भावाला पाठवते आणायला.