ध्रुवीय प्रकाशाचे फोटो: शटर किती वेळ उघडं ठेवावं?

तुमच्या ध्रुवीय प्रकाशाच्या, म्हणजे अरोराच्या, फोटोत हिरवा पट्टा धुरासारखा पसरलेला आलाय, असं तुम्ही लिहिलंय. २० सेकंदांच्या एक्स्पोजरमुळे, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं राहिल्यामुळे, तसं झालंय. अरोरा संथ असेल तर १० ते १५ सेकंद चालतात, पण तो नाचायला लागला की २ ते ४ सेकंदांवर यायलाच हवं. नाहीतर प्रकाशाच्या त्या पडद्याच्या सगळ्या चुण्या पुसल्या जातात, आणि खरं सौंदर्य तर त्यांतच असतं! आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा. थोडा नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, पुसलेले तपशील परत येत नाहीत.

फोकस मात्र एखाद्या ठळक ताऱ्यावर, हातानेच. लेन्सवरच्या अनंताच्या (∞) खुणेवर विसंबू नका.

केपी आकडा (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ ० ते ९ मध्ये सांगणारा) कमी म्हणून रात्र वाया गेली, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. नॉर्वेमधलं ट्रोम्सो ६९ अंशांच्याही उत्तरेला, थेट ध्रुवाभोवतीच्या अरोराच्या पट्ट्याखाली आहे. तिथे केपी २ असतानाही सुंदर दर्शन होतं. आडवे येतात ते ढग. म्हणून दोन रात्री तरी स्वीडनमधल्या आबिस्कोसाठी ठेवा. पश्चिमेकडचे डोंगर समुद्रावरचं बाष्प अडवतात, त्यामुळे तिथलं आकाश पुष्कळदा मोकळं मिळतं.

जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि परतताना कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घाला, खोलीत तासभर तरी उघडू नका. उबदार हवेतलं बाष्प लेन्सवर लगेच जमतं. कार्ड तेवढं आधी काढून घ्या.