शिमल्याच्या हिवाळ्यासाठी, आणि पुढे कोल्हापुरासाठीही: फ्रंट व्हील ड्राइव्ह की ऑल व्हील ड्राइव्ह?

राजारामपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. माझी बँकेतून शिमल्याला तीन वर्षांसाठी बदली झाली असून ऑक्टोबरमध्ये तेथे हजर व्हायचे आहे. सध्याची हॅचबॅक जुनी झाल्यामुळे नवी गाडी घेऊनच जावे, असा विचार आहे. मारुतीच्या ग्रँड व्हिटारासारखी पेट्रोल गाडी मनात आहे. तिच्यात फक्त पुढची चाके ओढणारी (फ्रंट व्हील ड्राइव्ह) आणि चारही चाके ओढणारी (ऑल व्हील ड्राइव्ह), असे दोन्ही पर्याय आहेत.

राहण्याची सोय संजौलीच्या बाजूला होईल, रोजचे जाणे-येणे शहरातलेच असेल, मात्र अधूनमधून कामासाठी नारकंड्यापर्यंत जावे लागेल. बदलीचा काळ संपल्यावर हीच गाडी कोल्हापुरात आणून पुढे बरीच वर्षे चालवायची आहे, आणि सासुरवाडी कणकवलीची असल्यामुळे गगनबावडा किंवा फोंडा घाट वर्षभर चालूच असतो. येथील मित्र म्हणतात की बर्फात जायचे तर फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाके ओढणारीच घ्यावी. शिमल्यातील भावी सहकारी मात्र स्वतः लहान, पुढच्या चाकांच्या गाड्या वापरतात. कोणाचे ऐकावे?

उद्यमनगरचा गॅरेजवाला

साहेब, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण टायरबद्दल कोणीच बोललेले नाही आणि खरा निर्णय तेथेच होतो. ऑल व्हील ड्राइव्हमुळे इंजिनाची ताकद चार चाकांत वाटली जाते, म्हणजे गाडी जागची हलवण्यास आणि चढ चढण्यास मदत होते. ब्रेक मात्र दोन्ही गाड्यांना चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत महाग गाडीला कोणताही जादा फायदा मिळत नाही. उलट वजन थोडे वाढलेलेच असते.

आकड्यांतच सांगतो. कोरड्या डांबरावर घर्षणांक (टायरची रस्त्यावरची पकड सांगणारा आकडा) साधारण ०.७ धरला आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून थांबायला कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटर घेते आणि बर्फावर सुमारे ६३ मीटर. चालकाला ब्रेकवर पाय नेण्यास लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. ही ६३ मीटरची लांबी फक्त टायरचे रबर आणि वेग यांनीच कमी होते.

आपले नेहमीचे टायर ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होत जातात आणि पकड सोडू लागतात. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या खाचांत बर्फ धरून ठेवणाऱ्या बारीक चिरा असतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चिन्ह असेल तरच तो बर्फासाठी तपासलेला समजावा. नुसते एम आणि एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेले असणे पुरेसे नाही. आपल्याकडे असे टायर सर्रास मिळत नाहीत, म्हणून गाडीच्या मापात उपलब्ध आहेत का, हे रंग आणि सनरूफ ठरवण्याआधी विचारून घ्यावे. घेतल्यास चारही घ्यावेत. फक्त पुढे बसवले तर वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो.

कसबा बावड्याचा निवृत्त फौजी

वरील प्रतिसादातील थांबण्याबद्दलचे म्हणणे पूर्ण मान्य आहे, तथापि चढाचा मुद्दा फार हलका करून सांगितला गेला, असे मला वाटते. हिमाचलात नोकरी केलेल्या माणसाला ठाऊक असते की तेथे गाडी अडकते ती बहुधा चढावरच. पुढच्या चाकांच्या गाडीचे साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असते, म्हणून सपाट बर्फावर ती चांगली चालते, परंतु चढ लागला की वजन मागे सरकते आणि नेमकी ओढणारी चाकेच हलकी होतात. दाबलेल्या बर्फावर घर्षणांक ०.२ धरला तर अशी गाडी १०० मीटरला १२ मीटरपेक्षा कमीच चढाव चढेल, तर चारही चाके ओढणारी गाडी जवळपास २० मीटरचा चढाव काढेल. संजौली, ढली, कुफरी या भागातील गल्ल्यांचे चढ पाहिले की हा फरक कागदावरचा नाही, हे लक्षात येईल. शिवाय मोठा बर्फ पडल्यावर मनालीकडून अटल बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलीस अनेकदा फक्त फोर बाय फोर किंवा टायरभोवती बर्फासाठीची साखळी (चेन) लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. तिकडे जाण्याचा प्रसंग आल्यास हेही ध्यानात असू द्यावे.

मात्र एक धोका स्पष्ट सांगतो. चारही चाके ओढणारी गाडी तुम्हाला अशा चढावर नेऊन पोहोचवते की जेथून उतरताना तिची ताकद काहीही कामाची नसते. उतारावर सुरुवातीपासूनच खालच्या गिअरमध्ये राहावे, गिअर एकदम खाली टाकू नये, आणि देवदारांच्या सावलीतल्या वळणांवर सकाळी विशेष जपावे. दिवसा वितळलेले पाणी रात्री तेथे पारदर्शक थर होऊन गोठते आणि रस्ता नुसता ओला असल्यासारखा दिसतो.

राजारामपुरीकर

दोघांचेही आभार. हिवाळी टायर घेतले तर ते उन्हाळ्यात आणि पुढे कोल्हापुरात चालतील का? आणि आपल्या घाटांतल्या पावसासाठी ऑल व्हील ड्राइव्हचा जादा खर्च योग्य ठरेल का?

शिरोली एमआयडीसीतील अभियंता

हिवाळी टायर कोल्हापुरात चालवू नयेत. आपल्या एप्रिल-मेच्या तापलेल्या रस्त्यावर ते लवकर झिजतात आणि ब्रेक लावल्यावर जास्त अंतर घेतात. वेगळ्या रिमवर बसवून ठेवावेत आणि हिवाळा संपताच काढावेत.

पावसाबद्दल माझे मत येथील सर्वसाधारण समजुतीपेक्षा वेगळे आहे. गगनबावड्याच्या करूळ घाटात जुलैमध्ये गाडी घसरते ती पाण्याच्या थरावर टायर तरंगल्यामुळे किंवा वळणावर वेग जास्त असल्यामुळे. दोन्ही वेळी ताकद किती चाकांना जाते, याला महत्त्व नाही. कायद्याने टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असली तरी चालते, परंतु घाटासाठी ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी ठेवत नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांबरोबर रस्त्यावर येणाऱ्या शेतातल्या चिखलालाही हाच नियम लागू पडतो. ऑल व्हील ड्राइव्हचा खरा उपयोग आपल्याकडे होईल तो राधानगरी किंवा आंबा घाटाच्या बाजूला लाल मातीच्या कच्च्या वाटेने कोणाच्या शेतघरी जाताना, आणि तसे जाणे आपले किती होते, हे आपणच जाणता.

खर्चाचे म्हणाल तर २०२२ मध्ये ग्रँड व्हिटारा आली तेव्हा कंपनीने जाहीर केलेले मायलेज हाताने गिअर टाकायच्या, पुढच्या चाकांच्या मॉडेलसाठी लिटरला २१.११ आणि चारही चाके ओढणाऱ्या मॉडेलसाठी १९.३८ किलोमीटर होते. त्याखेरीज मागच्या डिफरन्शियलचे (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचे) ऑइल आले, आणि मुख्य म्हणजे चारही टायरचा व्यास जवळपास सारखा असावा लागतो. एक टायर फाटला आणि उरलेले निम्मे झिजलेले असले, तर एकट्या नव्या टायरवर भागत नाही.

माझा सल्ला असा की संजौलीत घर नेमके कोणत्या चढावर मिळते, हे आधी पाहावे. मुख्य रस्त्याला लागून असेल तर पुढच्या चाकांची गाडी, हिवाळी टायर आणि डिकीत चेन, एवढे पुरेल आणि बरेच पैसे वाचतील. घर उभ्या गल्लीत असेल आणि नारकंड्याच्या फेऱ्या जानेवारीतही टाळता येणार नसतील, तर ऑल व्हील ड्राइव्ह घ्यावी, पण हिवाळी टायरचे पैसे वाचवून नव्हे.

राजारामपुरीकर

घर अजून ठरलेले नाही, त्यामुळे गाडीचे बुकिंग घर पाहून आल्यावरच करतो. चेन येथूनच घेऊन जावी का?

कसबा बावड्याचा निवृत्त फौजी

शिमल्यातच घ्यावी, टायरचे माप दाखवून मिळते. मात्र गाडी ठरवताना तिच्या पुस्तिकेत चेन कोणत्या मापाच्या टायरवर चालते, हे वाचून घ्यावे, कारण रुंद टायरच्या वरच्या मॉडेलवर कधी कधी चाक आणि आतल्या भागात चेनपुरती जागाच नसते. पुढच्या चाकांच्या गाडीला चेन पुढेच लावायची, वेग ताशी ४० च्या आत ठेवायचा आणि बर्फ संपून डांबर लागले की उतरून काढायची. पहिल्यांदा ती घराच्या अंगणात, उजेडी, हातमोजे घालून लावून पाहावी.