डॉक्टरनं फक्त सही करायची म्हणे

समुपदेशक_पांढरकवडा
परवा इथं एका नागपूरच्या इंजिनियर भावानं लिहिलं की खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाहीत, तर आशाताईनं मोबाइलवर प्रश्न विचारावेत, एआयनं निदान आणि गोळी सुचवावी, डॉक्टरनं वाचून सही करावी. खाली वाहवा. ते वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पीएचक्यू-९ म्हणजे नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी. तिच्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. सासू शेजारी बसलेली असताना तो विचारला की बाई 'नाही' म्हणते. शून्य गुण, यंत्राच्या नोंदीत धोका नाही. मी सासूला केसपेपर आणायला पाठवते, बाईला पाणी देते, कापूस किती झाला विचारते आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारते. कितीतरी जणींचं उत्तर तेव्हा बदलतं. सासूला बाहेर कोण पाठवणार, ॲप?

आणि खरी गळती निदानानंतर आहे. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, लोक आठव्या दिवशी बंद करतात. वेचणी सुरू झाली की बाई दवाखान्यात येतच नाही. तिच्या घरी जाऊन विचारायला माणूस नाही. त्या माणसाची जागा भरायची सोडून सहीची सोय कसली करता?

वैद्यकीय_अधिकारी_मेळघाट
ताई, तुमच्या दवाखान्यात निदान तुम्ही तरी आहात. माझ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशक नाही. ताप, गरोदर बाया, साप चावलेला माणूस, आणि त्यातच झोप नाही, छाती धडधडते म्हणणारी बाई. तिला बी-कॉम्प्लेक्स देऊन घरी पाठवतात, सगळीकडे हेच चालतं. यंत्रानं एवढंच सुचवलं की 'हिला मनाबद्दल विचारा', तरी मला हवं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्याचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांबाहेर निघाले. त्यांच्या सासूला बाहेर पाठवणारं कोणी भेटतच नाही.

मी एआय वापरतो. माझे बरेच रुग्ण कोरकू बोलतात, ते त्याला कळत नाही. म्हणून रुग्ण गेल्यावर मीच मराठीत बोलतो, नाव-गाव न सांगता, आणि ते टिपण नीट लावून देतं. त्यामुळे समोरच्याशी बोलताना माझी मान कागदात नसते.

समुपदेशक_पांढरकवडा
ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हताच. आपल्याकडचंच बघायचं तर विश्राम प्रकल्प बघा. अमरावती जिल्ह्यातली ३० गावं, गावातलेच शिकवून तयार केलेले लोक. नैराश्यात मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं, २०१७ मध्ये छापून आलंय. यंत्राशिवाय.

कास्तकार_राळेगाव
तुमचं चालू द्या, पन आयका. माह्या चुलतभावाले एआयनं ओळखलं नसतं अन् ताईनंबी. सकाळी पोरायसंगं हासत व्हता. दुपारी बँकेच्या बाकीवरून घरात कटकट झाली, अन् फवारनीचा डबा घरातच. डबा घरात नसता तं आज तो राह्यला असता. मंग कायचा पीएचक्यू अन् कायचं एआय?

कृषिकेंद्र_वणी
आलं पुन्हा दुकानदारावर. बोंडअळी कोण आवरेल, फवारणी न करता? २०१७ ला यवतमाळात फवारताना माणसं मेली तेव्हाही आम्हीच चोर.

गुरुजी_आर्णी
श्रीलंकेनं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली. वीस वर्षांत आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला, आणि भाताचं उत्पन्न पडलं नाही.

कृषिकेंद्र_वणी
गुरुजी, ते बेट आहे. इथं चोर बीटी, म्हणजे बिनपरवान्याचं कपाशीचं बियाणं, रातोरात येतं, तसं औषधही येईल. त्यापेक्षा घरोघरी कुलपाची पेटी द्या.

कास्तकार_राळेगाव
तुमच्या घरचं कोनी गेलं काय? दुकानात बसून बोलनं सोपं हाय.

कृषिकेंद्र_वणी
माझा सख्खा मामा त्याच डब्यानं गेला. उधारीत औषध देताना मी आजही माणसाचं तोंड पाहतो, आणि तोंड उतरलेलं दिसलं तर मुलाला पाठव म्हणतो. मला शिकवू नका.

कास्तकार_राळेगाव
हे मले मालूम नव्हतं. पन डबा विकाचा नाई, हे माहं म्हननं कायम.

वैद्यकीय_अधिकारी_मेळघाट
कुलपाच्या पेट्यांचा मोठा प्रयोग श्रीलंकेतच झाला, निकाल २०१७ चा. पेट्यांनी विषप्राशन कमी झालं नाही. बंदीनं झालं. वणीच्या भाऊंना आवडो न आवडो.

आशा_घाटंजी
मूळ गोष्टीवर येते. मी जिला प्रश्न विचारणार ती माझी वहिनी नाहीतर शेजारीण. तिचं उत्तर मोबाइलमधून कुठं जातं? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम २३, गोपनीयता तिचा हक्क आहे. आणि रात्री यंत्रानं लाल खूण दाखवली तर मी कोणाला उठवू? माहिती भरायची, मोबदल्याला मात्र वाट पाहायची, हे आता मनाच्या आजारातही नको.

वैद्यकीय_अधिकारी_मेळघाट
ताई, टेलि-मानस ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी फोन-सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत.

आशा_घाटंजी
नंबर गावात भिंतीवर लिहिलाय मी. रेंज टेकडीवर लागते.

नागपूर_इंजिनियर
ज्याच्यावरून एवढं पेटलं तो मीच. सहीचं वाक्य काढतो. पण वर्षानुवर्षं जागा भरल्या जात नाहीत, तोवर काहीच करायचं नाही का, याचं उत्तर ताईंनी अजून दिलेलं नाही.

वैद्यकीय_अधिकारी_मेळघाट
अमेरिकेत इलिनॉय राज्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला. एआयनं उपचार करायचे नाहीत, पण परवानाधारकाला नोंदी आणि कार्यालयीन कामात ते वापरता येतं. मी मागतोय तेही यापेक्षा फार नाही.

समुपदेशक_पांढरकवडा
नोंदींचं मान्य, डॉक्टरसाहेब. मलाही रात्री रजिस्टर लिहायचा कंटाळा आहे. 'हिला विचारा' असं सुचवणंही मान्य, पण सुचवलं नाही म्हणून कुणाला न विचारता घरी पाठवणं मान्य नाही, आणि घाईच्या ओपीडीत नेमकं तेच होईल. इंजिनियर भाऊ, तुम्हाला करायचंच असेल तर ठरलेल्या तारखेला न आलेल्यांची यादी काढून द्या. आजाराचं निदान त्यात नको. फक्त नाव, गाव, किती दिवस झाले, आणि तीही दवाखान्याच्याच संगणकात. त्या यादीवरून गावात जाणाऱ्या आशाताईला प्रत्येक भेटीचे पैसे कोण देणार, हे त्याच कागदावर आधी लिहा.